मागच्याचा दिवा

रविवार, ४ ऑक्टोबर

बारकीला नोकरी लागली. आनंदाने नाचायचं सोडून आम्ही तिघं दिवसभर तीन दिशांना तोंडं करून बसलो आहोत.

नोकरी चांगली आहे. डोंगरापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे, एक डिसेंबरपासून. पण पाळी सकाळी लवकर सुरू होते आणि त्या वेळेला घाटातून बस नाही. बारकी म्हणाली, मी मोटरसायकलने जाईन. तिच्या बाबांनी हातातली सुई खाली ठेवली. नवरा सोफे-खुर्च्या शिवतो, पुढची खोली म्हणजेच त्याचं दुकान, आणि भर कामात त्याने सुई खाली ठेवली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. म्हणाला, एक बायको दिवसभर रस्त्यावर असते, तेवढा घोर मला पुरे आहे.

ती बायको म्हणजे मी. लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घेते. मागे थंड पेटी बांधून लग्नाच्या आधीपासून गाडी चालवते आहे आणि आजवर एक नळी फुटू दिलेली नाही. त्यात घोर कसला करायचा?

शेवटी तोडगा निघाला. शहराबाहेर एक मास्तर आहेत. पोलिसात असताना मोठ्या लोकांच्या ताफ्यापुढे मोटरसायकल चालवायचे. आता ज्यांना गाडी येते त्यांना ती जपून, नीट कशी चालवायची ते शिकवतात. बारकीने तिथे शिकायचं. आणि नवऱ्याची अट अशी की तिच्याबरोबर मीही जायचं. "तिला घाट चढवून-उतरवून सुखरूप आण, मग मी काही बोलणार नाही. पण जबाबदारी तुझी," म्हणाला.

मी म्हटलं, मला काय शिकवणार ते मास्तर? तर दोघं एकदम हसले. नको तिथे बरोबर जुळतं बापलेकीचं.

रविवार, ११ ऑक्टोबर

शिकवलं. नाक कापलं माझं.

बंद पडलेल्या कारखान्याचं आवार आहे. मास्तरांनी रस्त्याच्या कामावर ठेवतात तशा शंकूसारख्या नारिंगी टोप्या मांडून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यामधून अगदी हळू, पाय न टेकता जायचं होतं. मी म्हटलं, हा तर पोरखेळ. तिसऱ्या टोपीला आडवी. माझ्या गाडीखालून मला बारकीने काढलं आणि तिच्या हेल्मेटच्या आत ती हसत होती हे मला बाहेरून कळत होतं.

मास्तर किरकोळ बांध्याचे, बोलणं सावकाश. ओरडत नाहीत. म्हणाले, "ताई, तुम्ही टोपीकडे बघत होतात. माणूस बघतो तिकडेच गाडी जाते. जिथे जायचं तिथे बघा." एवढी वर्षं गाडी चालवून बघायचं कुठे ते मला आता शिकायचं आहे. परत आडवी झाले नाही, पण दुपारपर्यंत घामाघूम.

आमच्याबरोबर तिसरा एकच आहे, एक बेकरीवाला. मालाची ने-आण करतो. त्याने हेच शिक्षण गेल्या वर्षीही घेतलं होतं म्हणे. म्हटलं, नापास झालात का? तो नुसता हसला.

बुधवार, १४ ऑक्टोबर

आज चौकात एक रिक्षा अचानक वळली. मी रिक्षाकडे न बघता मोकळ्या जागेकडे बघितलं आणि गाडी आपोआप तिकडून निघून गेली. लोणी कापल्यासारखी. मास्तरांना सांगणार नाही. फुगायचे.

रविवार, १८ ऑक्टोबर

जोरात ब्रेक लावायला शिकलो. बारकी माझ्यापेक्षा कमी अंतरात थांबते. अभिमान वाटला आणि थोडी जळलेही. दोन्ही खरं आहे, इथे तरी खरं लिहावं.

रविवार, २५ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा रस्त्यावर, चौघं एका ओळीत. हेल्मेटमध्ये बसवायच्या बोलण्याच्या यंत्रांवर मास्तरांचा विश्वास नाही. त्यांचा एकच नियम, आणि तो त्यांनी स्वतः बांधलेला आहे: प्रत्येकाने आपल्या मागच्याला सांभाळायचं. वळण आलं की हळू व्हायचं, आरशात मागच्याचा दिवा दिसला की मगच वळायचं. दिवा दिसला नाही तर थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचा थांबतो, त्याच्या पुढचा थांबतो, आणि अशी सगळी ओळ थांबते. कोणी मागे राहत नाही. ऐकल्यावर वाटलं, किती सोपं आणि किती चांगलं. नवऱ्याला सांगितलं तर तोही मान हलवून म्हणाला, हुशार माणूस आहे.

शेवटी जो असतो त्याला शेपूट म्हणतात. शेपटाला कोणासाठी थांबायचं नसतं.

आणखी एक रीत. चहाला थांबलो की हेल्मेट काढण्याआधी मास्तर एकेकाला विचारतात, मागे कोण? ज्याने-त्याने सांगायचं. मी म्हणायचं, माझ्या मागे बेकरीवाला. बेकरीवाल्याने म्हणायचं, माझ्या मागे कोणी नाही. बालवाडीत असल्यासारखं वाटतं, पण सांगून टाकलं.

रविवार, १ नोव्हेंबर

घाट.

सकाळी वर ढग टेकलेला होता, अगदी रस्त्यावर. पुढचं जेमतेम दिसतं, बाकी नुसते दिवे. ओळ अशी होती: पुढे मास्तर, मग बारकी, मग बेकरीवाला, शेपूट मी. बेकरीवाल्याने आधीच मास्तरांना सांगून ठेवलं होतं की मला शेवटी नको. मला तर बरंच वाटलं. मागे राहून सगळ्यांवर नजर ठेवायची, हे माझं रोजचंच काम आहे.

मजा झाली. वळण आलं की सवयीने मी हळू झाले, आरशात बघितलं, दिवा दिसला, वळले. पुढच्या वळणालाही तेच. बरंच वर आल्यावर लक्षात आलं की अगं बाई, शेपूट तर मीच आहे. मग हा कोण? असेल कोणी पलीकडे कामाला जाणारा. ढगात एकट्याने जाण्यापेक्षा कोणाच्या तरी मागोमाग जावं, असं कोणालाही वाटेल. दिवा जरा पिवळसर, जुन्या गाडीचा असतो तसा. अंतर मात्र अगदी आम्हाला शिकवलं तेवढंच ठेवून होता.

वर टपरीपाशी थांबलो तेव्हा तो काही आला नाही. मास्तरांनी विचारलं, मागे कोण? मी म्हटलं, कोणी नाही. म्हणजे एक होता, पण आपल्यातला नव्हता.

मास्तर म्हणाले, "त्याच्यासाठी थांबलात?"

मी म्हटलं, सवयीने. ते म्हणाले, नाही थांबायचं. एवढंच. पण चहा अर्धा ठेवून उठले.

बारकी छान चालवते. तिचा लाल दिवा धुक्यात पुढे पुढे जाताना दिसला की माझा जीव भांड्यात पडतो.

रविवार, ८ नोव्हेंबर

आजही होता.

पायथ्याशी नव्हता, मी मुद्दाम बघितलं. पहिल्या दोन वळणांनाही नव्हता. मग ढगात शिरलो आणि आरशात आला. मी जोर दिला तर तोही जोर देतो, मी हळू झाले तर हळू होतो. कधी अंगावर येत नाही, कधी लांब पडत नाही. बारकीने शिकावं याच्याकडून, ती उतारावर पुढच्याच्या फार जवळ जाते. खरं सांगायचं तर मला त्याचा आधार वाटला. शेपटाच्या मागे इतकं रिकामं असतं की पाठीला गार लागतं. तो असला की लागत नाही.

टपरीवर मास्तरांनी माझ्यापासूनच सुरुवात केली. मागे कोण? मी खरं ते सांगितलं. आहे एक, चांगला चालवतो. बेकरीवाला टपरीच्या आत निघून गेला. मास्तर जवळ आले आणि लहान मुलाकडून पाढा म्हणून घ्यावा तसं म्हणाले, म्हणा, माझ्या मागे कोणी नाही. मी म्हटलं, पण आहे. ते म्हणाले, म्हणा. सगळ्यांसमोर दोनदा म्हणायला लावलं मला. पन्नाशीला आलेल्या बाईला.

घरी येईपर्यंत माझी धुसफुस चालू होती. बारकी म्हणाली, आई, म्हणून टाकायचं ना, तुझं काय जातं? माझं काय जातं म्हणे. जो आहे त्याला नाही का म्हणायचं?

मंगळवार, १० नोव्हेंबर

बेकरीवाल्याच्या आईची साखर तपासायची होती, तो पत्ता आज माझ्या वाट्याला आला. म्हातारीची शीर सापडेना, पण एकदाची सापडली. बाहेर पडले तर बेकरीवाला जिन्यापर्यंत आला. हाताला पीठ तसंच.

म्हणाला, ताई, गेल्या वर्षी शेपूट मी होतो. माझ्याही मागे तो होता.

मी म्हटलं, मग काय झालं? तर काही झालं नाही म्हणे. चांगला होता, सोबत करायचा. पण नंतर नंतर बेकरीवाल्याला पुढच्याचा दिवा सोडून आरशातलाच बघावासा वाटायला लागला. मास्तरांनी ओळखलं आणि त्याला मध्ये घेतलं. आता तो पलीकडे माल पोचवायचा तर लांबच्या रस्त्याने जातो, घाटात एकटा जात नाही. पुन्हा शिकायला का आलात विचारलं तर म्हणाला, घाटात जायचं असेल तर मध्ये जावं, म्हणजे मागे माणूस असतं.

मोठा दांडगा माणूस, आणि घाबरतो कशाला तर कामावर जाणाऱ्या कोणाच्या तरी दिव्याला. मी त्याला म्हटलं, तुम्ही झोप पुरी करत जा. पहाटे भट्टी लावणाऱ्यांना झोप कुठली.

रविवार, १५ नोव्हेंबर

आज मास्तरांनी ओळच उलटी केली. बेकरीवाला पुढे, मग बारकी, मग मी, आणि शेपूट स्वतः मास्तर. मला कळलं कशासाठी ते. त्याला बघायला.

तर आज तो नव्हता. माझ्या मागे फक्त मास्तरांचा पांढरा दिवा. मास्तरांच्याही मागे कोणी दिसलं नाही. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं, लिहायला काय हरकत आहे. वर ढग दाट झाल्यावर सगळेच दिवे पिवळट दिसतात, त्यामुळे पुढे पुढे मास्तरांचाही तसाच दिसायला लागला. मी प्रत्येक वळणाला थांबून, दिवा बघून, मगच वळत होते.

टपरीवर पोचलो आणि मास्तर आलेच नाहीत. बराच वेळ गेला. बारकी म्हणाली, आई, तू थांबली नाहीस का? मी म्हटलं, डोळ्यांनी बघितलाय मी दिवा प्रत्येक वळणाला. मग मास्तर आले, चेहरा पांढराफटक. खालच्या वळणावर एक ट्रक आडवा झाला होता म्हणे, ते तिथेच अडकून पडले होते. मला म्हणाले, तुम्ही थांबला नाहीत. मी म्हटलं, तुमचा दिवा माझ्या मागे होता, मास्तर, अगदी शेवटच्या वळणापर्यंत. ते म्हणाले, मी खाली उभा होतो.

आता त्यांना कोण सांगणार? वय झालंय. ट्रकपाशी किती वेळ गेला याचा अंदाज राहिला नसेल. चूक कबूल करायची तर त्यांच्याही जिवावर येतं, माझ्यासारखंच.

त्यानंतर त्यांनी एकदम सांगून टाकलं की घाट बंद. उरलेलं सगळं आवारात शिकवीन. बारकी रडकुंडीला आली. एक तारखेला तिला त्याच रस्त्याने जायचंय, एकटीला, आणि अजून तिने उतारावरची अवघड वळणं नीट घेतलेली नाहीत. आवारात काय, टोप्यांना वळसे घालायचे? मास्तर बधले नाहीत. बारकीला म्हणाले, नोकरीच्या जवळ खोली घेऊन राहा, पोरी. मला निघताना हळूच म्हणाले, तुम्ही तर अजिबात जाऊ नका.

हे जरा जास्तच झालं.

शनिवार, २१ नोव्हेंबर

उद्या मी आणि बारकी, दोघीच जाणार आहोत.

नवऱ्याला मास्तर नाहीत हे सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर त्याने सुई, कात्री, सगळं खाली ठेवलं असतं. पण दहा दिवसांत पोरीला एकटीला घाट पार करायचा आहे. न शिकता जाऊ दे म्हणू? की नोकरी सोड म्हणू? इतकी वर्षं अभ्यास करून मिळवलेली नोकरी. खोली घ्यायची तर पगार हातात यायला हवा.

पुढे कोणी राहायचं यावर विचार केला. मी मागे राहिले तर ती डोळ्यासमोर राहील. पण ती पुढे असली की बावचळते, ढगात रस्ता वाचणं तिला अजून जमत नाही. मी पुढे राहिले तर रस्ता मी वाचीन, तिने फक्त माझ्या लाल दिव्यामागे यायचं. फार सोपं. तिचा दिवा आरशात दिसेलच, आणि नाही दिसला तर मी थांबेन.

आणि शेपूट झाली तरी ती एकटी पडणार नाही. तिच्या मागे तो असेलच. हे मी बारकीला बोलले नाही, पण ठरवताना हे माझ्या मनात होतं. त्याच्या भरवशावर पोरीला मागे ठेवायला मला काही वाटत नाही.

रविवार, २२ नोव्हेंबर

बारकी जिवंत आहे. आज यापुढे लिहवत नाही.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

हॉस्पिटलातल्या बाकड्यावर लिहिते आहे. बारकी आत झोपली आहे. ज्या हॉस्पिटलात एक तारखेला रुजू व्हायचं तिथेच आहे. जी बाई तिला काम शिकवणार होती तिनेच तिच्या पायाचा एक्स-रे काढला. नडगी मोडली आहे, दोन बरगड्यांना तडा. डोकं हेल्मेटमुळे वाचलं.

जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवते.

चढताना काही झालं नाही. ढग होता, पण बारकी बरोबर माझ्या मागे होती. वर टपरीवर मी हौसेने विचारलंसुद्धा, मागे कोण? ती हसून म्हणाली, माझ्या मागे कोणी नाही. मी म्हटलं, नीट बघितलंस? ती म्हणाली, बघितलं, आई, रस्ता रिकामा आहे. मला वाटलं, तिला बघायची सवय नाही अजून.

मग पलीकडचा उतार. ढग इतका दाट झाला की माझ्याच हातातलं हँडल पुसट दिसत होतं. वळण आलं, मी हळू झाले, दिवा आला, वळले. पुन्हा वळण, पुन्हा दिवा. एकही वळण मी दिवा बघितल्याशिवाय घेतलं नाही. नवरा विचारतो, डॉक्टर विचारतात, सगळे विचारतात, थांबली का नाहीस? मी थांबले. प्रत्येक ठिकाणी थांबले. आणि दिवा इतका छान येत होता मागून, अंतर राखून, न डगमगता, की मी मनात म्हटलं, शिकली माझी पोर. आता हिला भीती नाही. घरी जाऊन हिच्या बाबांना सांगते.

पायथ्याशी जुना चेकनाका आहे, बंद असतो. तिथे ढग संपतो. तिथे थांबायचं ठरलं होतं. मी गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं, आणि मागे वळून बघितलं. दिवा शेवटच्या वळणावर, ढगाच्या कडेशी थांबला होता.

मी हाक मारली. "बारके, ये की." तो आला नाही. मला वाटलं गंमत करते आहे. परत हाक मारली. आणि मग माझ्या लक्षात आलं की मला काहीच ऐकू येत नाही. तिच्या गाडीचा आवाज मी झोपेतही ओळखते, तिची साखळी घासते. माझं इंजिन बंद होतं, रस्ता शांत होता, समोर एक गाडी दिवा लावून उभी होती आणि आवाज म्हणून काही नव्हता.

हेल्मेट तिथेच टाकून मी गाडी चालू केली. मी सरळ त्या दिव्यावर गेले. तो हलला नाही. मागे सरकला नाही, बाजूला झाला नाही. त्या वळणावर पोचेपर्यंत मला दिसत होता आणि पोचले तेव्हा तिथे रस्ताच होता नुसता. चाकाचा ओला मागसुद्धा नव्हता.

मग मी वर चढत गेले, प्रत्येक वळणावर थांबून हाका मारत. तिचा हॉर्न ऐकू आला तो बराच वर, जवळजवळ निम्म्या घाटात. म्हणजे निम्मा घाट मी दिव्याकडे बघून खूश होत उतरले आणि पोर तिथे वर पडलेली होती. जुन्या खाणीकडे जाणारी एक वाट आहे, गवतात गेलेली, पुढे एकदम तुटते. बारकी त्या वाटेने सरळ गेली आणि खाली कोसळली. गाडीखाली पाय अडकलेला, आणि एका हाताने हॉर्न दाबत होती. मी उतरले तेव्हा तिने पहिलं वाक्य काय म्हटलं असेल तर, "आई, तुला लागलं का?"

मला वाटलं शुद्धीवर नाही.

एक टेम्पोवाला भेटला, त्याने दोरी टाकून वर काढली आणि इथपर्यंत आणलं. त्याचे उपकार.

नवरा आला, पोरीच्या उशाशी बसला आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाही. बोलू नये त्याने. मास्तर नव्हते हे त्याला कळलंय.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

दुपारी मास्तर आले. मी तयारीत होते की आता हे मला फाडून खाणार. तर ते नुसते बाकड्यावर माझ्याशेजारी बसून राहिले. मीच म्हटलं, मास्तर, तो कोण आहे? कोणी मेलंय का तिथे? तुमचा कोणी विद्यार्थी?

नाही म्हणाले. सगळी चौकशी करून झाली होती त्यांची, पोलिसातलीच सवय. त्या घाटात असं कोणी गेलेलं नाही.

"आधी नव्हता तो," मास्तर म्हणाले. "मी नियम केला, आपण वळणावळणावर थांबून दिव्याची वाट बघायला लागलो, तेव्हापासून यायला लागला."

तुम्ही आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही आरशात बघायचं सोडलं असतंत का? आणखी जास्त बघितलं असतंत. जाताना त्यांनी शिकवणं बंद करत असल्याचं सांगितलं.

संध्याकाळी नवरा घरी गेला आणि मी बारकीजवळ होते. औषधाने तिला जरा बरं वाटत होतं, बोलत होती. हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलंय की पाय बरा झाला की ये, जागा ठेवतो. त्याच खुशीत होती. मग म्हणाली, "आई, एक विचारू? रागावू नकोस. तू रस्ता सोडून त्या वाटेने का गेलीस?"

मी म्हटलं, कोण, मी?

ती म्हणाली, "तूच ना. तुझा लाल दिवा माझ्यासमोरच होता, नेहमीच्या अंतरावर. तू वळणाला हळू झालीस, थांबलीस, मी जवळ येईपर्यंत वाट बघितलीस आणि मग सरळ खाली उतरलीस. मी तुझ्याच मागे आले. पडले तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की आई माझ्याआधी पडली आहे."

मी चादर नीट केली. माझ्या आरशात जो तिचा दिवा होता आणि तिच्यासमोर जो माझा होता, ते दोन्ही घेऊन कोणीतरी आम्हा दोघींच्या मध्ये चालत होतं. मी ज्याला तिच्या मागे राखण म्हणून ठेवून आले होते तो मध्ये येऊन बसला होता, आणि मायलेकी दोघी त्याच्याकडे बघून निर्धास्त होतो.

हे तिला कसं सांगायचं? पाय बरा झाला की तिला त्याच रस्त्याने जायचंय, आणि जाईलच ती, मी तिला ओळखते. सांगितलं तर रोज सकाळी ती आरशात बघणार, पुढे बघणार, शोधणार. नाही सांगितलं तर एवढंच होईल की आपल्या आईने आपल्याला खड्ड्यात घातलं असं तिला आयुष्यभर वाटेल. तिच्या बाबांनाही वाटेल. वाटू दे.

म्हटलं, "हो गं. मीच होते. वाट चुकले मी ढगात. पण यापुढे कोणाच्या दिव्यामागे जाऊ नकोस, माझ्यासुद्धा. रस्ता तुझा तू बघ."

ती रागावली नव्हती. तिने माझा हात हातात घेतला, कोपरापर्यंत बघितला, उलटा करून बघितला. एक ओरखडा नव्हता त्यावर.

म्हणाली, "मग तू पडली कशी नाहीस, आई?"

मी म्हटलं, झोप आता.